दोन गंधारांच्या मधली जागा

मिक्सची पहिली फाइल आली तेव्हा गाणारीनं ती हेडफोनवर दोनदा ऐकली आणि एवढंच म्हणाली, "हा ग मी लावलेला नाही." पट्टी पांढरी सहा, म्हणजे गिटारवाल्यांचा ए. गाणं म्हणजे संथ लयीतला, बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा खण) साधा ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेला प्रकार. गळा ख्यालाच्या तालमीत तयार झालेला, त्यामुळे आपला सूर कुठे होता याबद्दल तिला शंका नव्हती. मिक्स करणारा मुलगाही खोटं बोलत नव्हता. त्यानं सवयीनं आवाजावर सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावलं होतं आणि पडद्यावर सगळे स्वर आपापल्या रेषेवर शहाण्यासारखे बसलेले दिसत होते. ऐकताना मात्र पहिल्या ओळीतला गंधार शुद्धावर जाऊन आदळत होता, दुसऱ्या ओळीतला कोमलावर घसरत होता आणि तिसऱ्या ओळीत, एका दमात घेतलेल्या एकाच लांब स्वरात, दोन्हींमध्ये अडखळत होता. मूळ टेक लावून पाहिला तर तिथे तो या दोन्हींपैकी कुठेच नव्हता.

आणि चांगला लागला होता.

सॉफ्टवेअरचं काम सरळ असतं. येणारा स्वर मोजायचा, ठरवून दिलेल्या स्वरांपैकी सगळ्यात जवळचा शोधायचा आणि तिकडे ओढायचं. पाश्चात्त्य मोजणीत सप्तकाचे बारा स्वर शंभर-शंभर सेंटवर मांडलेले असतात. कोमल ग षड्जापासून ३०० सेंटवर, शुद्ध ग ४०० वर. ब्लूज गाणाऱ्याचा गंधार यांच्या मध्ये कुठेतरी असतो, पुष्कळदा ३५०च्या अल्याडपल्याड, आणि तोही एका जागी ठाण मांडून बसत नाही. ३४८वर लागला की यंत्र त्याला खाली ओढणार, ३५३वर लागला की वर. बाराही स्वर मोकळे ठेवले की ही अशी फरफट होते. ए मायनरचं स्केल निवडलं तर सगळे गंधार मुकाट कोमल होतात आणि गाणं उगाच रडकं वाटायला लागतं. ए मेजर निवडलं तर ते शाळेच्या प्रार्थनेइतकं गुळगुळीत होतं. उपाय आहे, पण त्यातही एक खोच आहे. गंधार स्केलमधून काढून टाकला की झालं, असं वाटतं. तसं केलं तर तो शेजारच्या रिषभाकडे नाहीतर मध्यमाकडे खेचला जातो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तो काढायचा नसतो, 'बायपास' करायचा असतो: जसा येईल तसा जाऊ द्यायचा. दोन्ही गंधार आणि जमलं तर कोमल निषादही बायपासवर टाकावेत, ओढण्याचा वेग मंद ठेवावा म्हणजे मींड शाबूत राहते. माझं विचाराल तर ब्लूजच्या आवाजावर हे लावूच नये. पंचम घसरला असेल तर तेवढी ओळ पुन्हा गाऊन घ्यावी. वेळ तेवढाच लागतो.

आपल्या कानाला ही जागा अगदीच परकी नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ब्लूजचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं स्केल म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे धानी रागाचे स्वर. त्यात शुद्ध गंधार मिसळला की जोग रागाची आठवण येते, कारण जोगातही दोन्ही गंधार आहेत: चढताना शुद्ध, उतरताना मध्यमावरून कोमलावर येऊन षड्जाला टेकणं. त्यामुळे फ्यूजनच्या मैफलीत गिटारवाला बारा बार वाजवतो, गायक त्यावर जोग किंवा धानी गातो, कुठे काही खटकत नाही, टाळ्या पडतात. खटकत नाही हीच अडचण. जोगातले दोन गंधार दोन आहेत, प्रत्येकाची येण्याची वाट आणि टेकण्याची जागा ठरलेली. ब्लूजमध्ये गंधार एकच आहे आणि तो दोन जागांच्या मध्ये राहतो. दुसरं असं की रागात षड्ज हलत नाही. ब्लूजमध्ये षड्ज कानात तोच राहतो, पण पायाखालची जमीन दर काही बारांनी सरकते.

बारा बारचं आवर्तन म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खण, एकूण ४८ मात्रा. पहिले चार बार ए सेव्हन ही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ. पाचवा आणि सहावा डी सेव्हन. सातवा-आठवा पुन्हा ए सेव्हन. नववा ई सेव्हन, दहावा डी सेव्हन, अकरावा ए सेव्हन, आणि बारावा परत ई सेव्हन, पुढच्या समेकडे ढकलणारा. (काही जण दुसऱ्याच बारला डी सेव्हनवर जाऊन परत येतात, चार अनोळखी वादक एकत्र वाजवायला बसले आणि हे आधी बोलून घेतलं नाही तर पहिल्याच आवर्तनात बेस आणि गिटार एकमेकांच्या अंगावर पडतात.) गाण्याच्या ओळी तीन. पहिली ओळ पहिल्या चार बारांत, त्यातले साधारण दोन बार गाण्याचे आणि दोन वाद्याच्या उत्तराचे. दुसरी ओळ म्हणजे पहिलीच: तेच शब्द, बहुतेक वेळा तीच चाल. मात्र आता खाली डी सेव्हन आहे. ए सेव्हनच्या पोटात सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी हे स्वर असतात, त्यामुळे गाणाऱ्याचा अर्धवट खाली उतरलेला गंधार कॉर्डमधल्या शुद्ध गंधाराला घासून जातो. डी सेव्हनच्या पोटात असतात म, ध, सा आणि कोमल ग. मघाशी जो स्वर बाहेरचा होता तो आता घरचा झाला. तेच शब्द पहिल्यांदा टोचतात, दुसऱ्यांदा निवांत बसतात. ओळ दोनदा का गातात, याची कारणं लोक शब्दांत शोधतात. गाणाऱ्याला पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो असंही सांगतात. तेही असेल. पण दुसऱ्यांदा गाताना ओळ बदललेली नसते आणि तरी वेगळी ऐकू येते, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं.

गिटार शिकणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं. पाचव्या फ्रेटवरचं (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची धातूची पट्टी) पाच स्वरांचं पेंटॅटॉनिक स्केल बहुतेकांना पहिल्या महिन्यातच पाठ होतं. त्यात तिसऱ्या तारेवर, पाचव्या फ्रेटला, तर्जनीखाली कोमल गंधार येतो. ए सेव्हन चालू असताना ती तार जमिनीच्या दिशेनं किंचित खेचायची, शुद्ध गंधारापर्यंत न पोचवता सोडून द्यायची. शेजारच्या तारेपर्यंतचं अर्धं अंतरही पुष्कळ होतं. तार खेचताना सूर अंतराच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग एकदम उडी बसते. म्हणून नवशिका हमखास पुढे जातो आणि स्वच्छ शुद्ध गंधारावर जाऊन थांबतो. ऐकायला बरोबर, पण ब्लूज नाही. त्याहून वाईट म्हणजे डी सेव्हनवरही सवयीनं तशीच खेच देणं. तिथे कोमल गंधार हा कॉर्डचाच स्वर आहे, तो सरळ, न खेचता वाजवायचा. तो वर गेला की कॉर्डमधल्या कोमल गंधाराच्या अगदी खेटून शुद्ध गंधार उभा राहतो आणि सगळं आंबट होतं. पुष्कळ शिकवणीच्या व्हिडिओंत हा फरक सांगतच नाहीत. पाच स्वरांचा आकृतिबंध दाखवतात आणि तो तिन्ही कॉर्डवर चालतो म्हणून मोकळे होतात.

साहित्याचाही वाटा असतो. इलेक्ट्रिक गिटारवर दहाचा सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची, लावला तर तिसरी तार गुंडाळी नसलेली येते आणि सहज खेचली जाते. आपल्याकडे घरोघरी असते ती अकूस्टिक, तिच्यावर बहुधा बाराचा सेट, आणि त्यात तिसरी तार गुंडाळलेली. ती खेचायला जड, आणि तेवढंच खेचूनही सूर कमी चढतो. तेवढी एक तार बदलून साधी ०.०१८ची टाकली तर काम भागतं. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन इलेक्ट्रिकवरही तेराचा सेट लावायचा हे ऐकून पोरं तेराचा सेट आणतात आणि बोटं सोलून घेतात. तो सगळी गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा आणि त्याचे पंजे कसे होते, ही गोष्टीची दुसरी बाजू सांगायची राहून जाते. आणखी एक किरकोळ गोष्ट: खेचून सोडल्यावर तार मूळ सुरावर परत आली नाही, तर दोष खुंट्यांना देण्याआधी नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचेत बघावं. तार तिथे अडकते. त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

माउथऑर्गनवर हाच गंधार उलट्या दिशेनं येतो. ए मधल्या ब्लूजसाठी ए चा नव्हे, डी चा दहा भोकांचा माउथऑर्गन घेतात. त्यात दुसऱ्या भोकावर श्वास आत ओढला की षड्ज मिळतो आणि तिसऱ्यावर ओढला की शुद्ध गंधार. म्हणजे गिटारचं बोट कोमलावर असतं आणि वर चढतं, माउथऑर्गनचं भोक शुद्धावर असतं आणि खाली उतरवावं लागतं. एकाच गाण्यात दोघं समोरासमोरून येतात आणि मध्ये कुठेतरी भेटतात. स्वर उतरवायचा तो जिभेच्या मागच्या भागानं: तोंडाची पोकळी 'ई' म्हणताना असते तशी धरून श्वास ओढायला लागायचं आणि हळूहळू 'ओ'कडे न्यायची. नवशिका ताकदीनं ओढतो. स्वर तर उतरत नाहीच, वर पत्ती थकते, कायमची बेसूर होते, आणि माउथऑर्गनची पत्ती बेसूर झाली की बाजारात तो दुरुस्त करून देणारा शोधेपर्यंत नवा घेणं परवडतं. तिसरं भोक सगळ्यात हट्टी, कारण त्याच्यात तीन अर्धस्वर खाली जाण्याइतकी जागा आहे. हवी असते अर्ध्या अर्धस्वराची आणि जीभ जरा जास्त वळली की थेट रिषभावर जाऊन पडतो. एक इशारा खरेदीचाही. आपल्याकडे दुकानात पुष्कळदा पुढे केला जातो तो दोन ओळी भोकांचा, थरथरत्या आवाजाचा माउथऑर्गन. जुन्या हिंदी गाण्यांसाठी तो सुरेख, पण त्यात प्रत्येक स्वराला किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या दोन पत्त्या असतात आणि स्वर असा वळवता येत नाही. महिनाभर धडपडून, आपल्याला जमत नाही असं समजून लोक तो कपाटात टाकतात.

पियानोवाल्याची गोष्ट सगळ्यात गमतीची, कारण त्याला मधली जागाच नाही. तो दोन्ही गंधार जवळजवळ एकाच वेळी दाबतो: कोमल आधी, क्षणार्धात शुद्ध, आणि कान त्या दोन्हींतून हवा तो स्वर स्वतः तयार करतो. सी मध्ये कोमल गंधार काळी पट्टी आणि शुद्ध गंधार पांढरी, त्यामुळे एकच बोट काळीवरून पांढरीवर घसरवलं की काम झालं. जी मध्येही तसंच. गिटारवाल्यांच्या ए मध्ये उलटं आहे, पांढरीवरून काळीवर चढायचं, तिथे घसरगुंडी चालत नाही, दोन बोटं लागतात. गिटारवाला ए किंवा ई सोडायला तयार नसतो आणि पियानोवाला कुरकुरत असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. पेटीवाल्यांना हे लगेच कळेल.

लयीतही अशीच मधली जागा आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. शफल म्हणजे मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन एका ठोक्याला आणि तिसरा दुसऱ्याला. संगणकावरच्या ड्रम मशीनमध्ये हे स्विंगच्या टक्क्यांत मांडतात: ५० म्हणजे दोन्ही ठोके सारखे, ६६ म्हणजे बरोबर तीन भागांची वाटणी. माणूस वाजवतो तेव्हा तो बहुधा या दोन्हींच्या मध्ये असतो, लय वाढली की सारखेपणाकडे सरकतो, आणि स्नेअरचा ठोका ग्रिडच्या रेषेमागे केसभर पडतो. सगळं ६६ला चिकटवलं की शफल लंगडीचा खेळ होतो. गंधार सरळ केला की जे होतं तेच हे.

आता 'कंटेम्पररी ब्लूज', म्हणजे आजच्या काळातला ब्लूज, म्हणतात त्याच्याकडे येऊ. या नावाखाली गेल्या चाळीस वर्षांत एकेक सामान बाहेर काढलं गेलंय: कधी बारा बार, कधी शफल, कधी तीन ओळींचा साचा, कधी गिटारचा सोलोसुद्धा. प्रत्येक वेळी जुन्या श्रोत्यांनी हा ब्लूज नव्हे म्हणून हाकाटी केली. मला वाटतं, भांडण चुकीच्या सामानावरून होतं. गंधार कुठे गेला ते बघावं.

गायक-गिटारवादक रॉबर्ट क्रे घ्या. त्याचा 'स्ट्राँग पर्सुएडर' १९८६चा. अल्बममध्ये मेम्फिस हॉर्न्सची पितळी वाद्यं, क्रेच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारचा स्वच्छ, जवळजवळ कोरडा आवाज, गळा थेट सोल परंपरेतला. 'स्मोकिंग गन' मायनरमध्ये आहे. कॉर्डच मायनर म्हटल्यावर गंधार आधीच कोमल ठरून गेला, खालून घासायला शुद्ध गंधार उरलाच नाही. मग ताण गेला कुठे? तो गोष्टीत गेला. 'राइट नेक्स्ट डोअर'मध्ये गाणारा पातळ भिंतीपलीकडचं नवरा-बायकोचं भांडण ऐकतोय, आणि भांडणाचं कारण तोच आहे. जुन्या ब्लूजमध्ये गाणाऱ्यावर अन्याय झालेला असतो किंवा तो फुशारकी मारत असतो. इथे तो ना धड पश्चात्ताप करतोय, ना धड सुटकेचा श्वास सोडतोय, आणि आवाज एकदाही चढवत नाही. स्वरातली अर्धवट जागा माणसात आली. १९८८ साली ग्रॅमीनं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पारितोषिकांनी, पारंपरिक आणि कंटेम्पररी अशा दोन वेगळ्या रांगा केल्या तेव्हा कंटेम्पररीचं पहिलं पारितोषिक या अल्बमला मिळालं, ते मला अगदी योग्य वाटतं. त्याच काळात स्टीव्ही रे व्हॉननं नेमकं उलटं केलं: १९८३च्या 'टेक्सस फ्लड'मध्ये साचा जवळपास जुनाच, पण तारा जाड, अ‍ॅम्प मोठ्यांदा, प्रत्येक खेच शरीराचं वजन टाकून. विस्कॉन्सिनमधला कार्यक्रम संपवून निघताना १९९०च्या ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. त्यानंतरची बरीच वर्षं गिटारवाल्यांच्या एका पिढीनं त्याच्या आवाजाची नक्कल करण्यात घालवली. वजन उचललं, मधली जागा पुष्कळांच्या हातून सुटली.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत मात्र वेगळंच चाललं होतं. आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनिअर किम्ब्रो यांच्या गाण्यांत पुष्कळदा कॉर्ड बदलतच नाही. एकच कॉर्ड, खर्जातली एकच तार अंगठ्याखाली घुमत राहते, वर एक छोटी धून फिरून फिरून येते, बार मोजायला जावं तर गाणाऱ्याच्या श्वासाप्रमाणे कमी-जास्त होतात. जमीन सरकत नाही म्हटल्यावर हलायचं काम गंधारालाच करावं लागतं, आणि तो हलतो: एका ओळीत चार वेळा आला तर चार उंचींवर. ख्याल ऐकणाऱ्याला हा ब्लूज पटकन कळतो, शिकागोच्या ब्लूजपेक्षा लवकर. तिथल्याच ऑक्सफर्ड गावातल्या फॅट पॉसम या छोट्या रेकॉर्ड कंपनीनं नव्वदच्या दशकात ही म्हातारी मंडळी जगापुढे आणली, आणि १९९८च्या 'कम ऑन इन'मध्ये बर्नसाइडच्या आवाजाखाली ड्रम मशीन आणि लूप (पुन्हापुन्हा फिरणारे तेच तुकडे) घातले. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. पण ऐकताना कळतं की या जोडीला फारसे टाके घालावे लागलेले नाहीत. एकाच कॉर्डवर घोळणारी धून स्वतःच लूप असते. बारा बारचा शिकागो ब्लूज असा लूपवर बसवायला गेलं तर पाचव्या बारलाच पंचाईत होते.

पारितोषिकांच्या रांगांवर फार भिस्त ठेवू नये ती याचसाठी. २०२२च्या ग्रॅमीत बर्नसाइडचा नातू सेड्रिक, जो पोरवयात आजोबांच्या मागे ड्रम वाजवायचा, 'आय बी ट्राइंग'साठी पारंपरिकच्या रांगेत जिंकला, आणि क्लार्क्सडेलचा क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रम '६६२'साठी कंटेम्पररीच्या. ६६२ हा त्या भागाचा टेलिफोन कोड. किंगफिशचा जन्म १९९९चा, गावातल्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये शिकलेला. त्याच्या पहिल्या अल्बममध्ये १९३६ साली जन्मलेला ब्लूज गिटारवादक बडी गाय त्याच्याबरोबर गायलाय. वाजवण्याचा बाज बघितला तर किंगफिशच जुन्या घराण्याचा वाटतो: तीन कॉर्ड, लांब खेच, सावकाश कंप. गॅरी क्लार्क ज्युनिअरची गंमत याहून पुढची. टेक्ससमध्ये त्यानं स्वतःची जागा घेतली आणि ती त्याची असू शकते हे शेजाऱ्याला पटेना. त्या संतापातून 'दिस लँड' आलं, रेगेकडे झुकणारा जड ठेका, खाली दणदणता बेस, वर फझ लावलेली गिटार. २०२०मध्ये त्या गाण्याला रॉकची दोन पारितोषिकं मिळाली आणि त्याच नावाच्या अल्बमला ब्लूजचं. आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा फँटॅस्टिक नेग्रिटो: नव्वदच्या दशकात मोठ्या कंपनीचा करार, मग मोटार अपघात, तीन आठवडे कोमा, वाजवायचा हात कायमचा अधू. परतला तेव्हा त्यानं गिटारच्या कसरतीवर भर दिला नाही, द्यायला तसा हातही नव्हता. टाळ्या, पायाचा ठोका, गुणगुणण्याचे तुकडे लूप केले आणि वर गायला लागला. २०१७, २०१९ आणि २०२१ अशी तीन पारितोषिकं कंटेम्पररीच्या रांगेत त्याची आहेत. त्याच्याकडे सगळा गंधार गळ्यात आहे. लूप जागचा हलत नाही, म्हणून गळ्याची हालचाल अधिकच उघडी पडते.

मुंबईत फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरतो. २०११ला पहिला झाला तेव्हा बडी गाय येऊन गेला होता, पुढेही आला. शिलाँगच्या सोलमेटसारख्या बँडमुळे ब्लूज ही फक्त पाहुण्यांची गोष्ट राहिली नाही. अशा गर्दीत टाळी मिळते ती वेगाला आणि उंच खेचलेल्या लांब स्वराला, ते स्वाभाविक आहे. पहिल्या बारातला तो लबाड अर्धा गंधार टाळी मागत नाही. तो नीट दिसतो स्लाइडवर, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर घसरवत वाजवलेल्या गिटारवर. अमेरिकन गिटारवादक डेरेक ट्रक्स गिटार ओपन ई मध्ये लावतो (मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्ड वाजते, षड्ज ई), प्लेक्ट्रम न वापरता बोटांनी वाजवतो, करंगळीशेजारच्या बोटात काचेची नळी. नुसरत फतेह अली खान यांची 'मकी मदनी' त्याच्या बँडनं वाजवली आहे, त्यामुळे मींड त्याच्याकडे कुठून आली हे वेगळं सांगायला नको. ओपन ई मध्ये नळी बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर बरोबर धरली की तिसऱ्या तारेवर शुद्ध गंधार, अकराव्यावर कोमल. या दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या बोटभर जागेत तो अर्धा गंधार राहतो. नळी नवीन घेतलेल्यांनी ध्यानात ठेवावं की ती फ्रेटच्या मागे नाही, बरोबर वर धरायची, आणि मागच्या बोटांनी तारा हलकेच दाबून धरायच्या, नाहीतर मागच्या बाजूची खरखर सगळं बुडवते.

गळ्यावर हे आणायचं असेल तर वाद्याचीही गरज नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर पांढरी सहा लावावी, सा-प. कान देऊन ऐकलं तर त्यात न छेडलेला शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, षड्जाच्या तारेच्या पाचव्या स्वयंभू स्वरातून; तो ४०० सेंटचा नसतो, ३८६चा असतो, पेटीच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला. आधी त्याच्यात मिसळून जावं. मग मध्यमावरून उतरत यावं आणि त्याच्या खाली, कोमलाच्या वर, आवाज जिथे किंचित खरखरेल तिथे थांबावं. जोगाची सवय असलेला गळा मध्ये न थांबता सरळ कोमलावर उडी मारतो. म्हणून तीन-चार सेकंदांची संथ मींड घ्यावी, मेट्रोनोम ६०वर, चार बार म्हणजे सोळा ठोके. पाचव्या बारला तानपुरा बंद करायचा आणि पेटीवर म, ध, सा, कोमल ग एकदम दाबायचे. गळ्यातला सूर तोच धरून ठेवायचा. तो स्वतःहून थोडा खाली सरकायला बघेल, सरकू द्यावा. सातव्या बारला तानपुरा पुन्हा सुरू झाला की त्याला परत वर आणायचं, पण मघाच्या जागेवर नाही आला तरी हरकत नाही.